भट्टी कारखान्याच्या ओळीत
पोलादी भागांचा उष्णतोपचार आणि उद्योजकाचा हिशेब

लोहारशाळेत भाता, ऐरण आणि पाण्याची कुंडी ही तिन्ही हाताच्या अंतरावर असत. विळा घडवून झाला की लोहार त्याची धार पुन्हा तापवी, पाण्यात बुडवी, वर काढून दगडाने घाशी आणि तिचा रंग न्याहाळी. गवती पिवळेपणा धारेवर पसरू लागला की विळा पुन्हा पाण्यात जाई. याला ‘पाणी देणे’ म्हणत. घडवणे आणि पाणी देणे ही दोन वेगळी कामे आहेत, असे त्या लोहाराला कधी वाटले नाही. धार वाकली किंवा तिचा तुकडा उडाला तर दोष कोणाचा, हा प्रश्नही तेथे उद्भवत नसे.

आजच्या यंत्रभागांच्या लहान व मध्यम कारखान्यात चित्र निराळे आहे. फोर्जिंग एका ठिकाणी होते, मशिनिंग दुसऱ्या ठिकाणी आणि पाणी देण्याचे काम तिसऱ्याच ठिकाणी. लुधियाना, राजकोट, पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर, कोइमतूर किंवा जमशेदपूरजवळील आदित्यपूर यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीत गेले, तरी क्रेटमध्ये रचलेले शाफ्ट, गिअर व बोल्ट टेंपोत भरून उष्णतोपचारासाठी बाहेर जाताना दिसतात आणि काही दिवसांनी परत येताना दिसतात. कारखान्यातील मंडळी या कामाला सरळ ‘हीट ट्रीटमेंट’ म्हणतात. काम वाढले, ग्राहकाची मागणी निश्चित झाली की उद्योजकाच्या मनात विचार येतो : स्वतःचीच भट्टी घेतली तर? आणि हा विचार घेऊन तो मुदत कर्जासाठी बँकेत येतो.

या टप्प्यावर एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. भट्टी विकत घेणे आणि उष्णतोपचार उत्पादनाच्या ओळीत, म्हणजे कारखान्यात जिला ‘लाइन’ म्हणतात तिच्यात, सामावून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली पैशाने साधते. दुसरीसाठी वेळ, क्रम आणि जबाबदारी या तिन्हींची नव्याने मांडणी करावी लागते. ती मांडणी न करता घेतलेली भट्टी कारखान्याच्या कोपऱ्यात उभी राहते आणि तिचे हप्ते मात्र नियमितपणे येत राहतात.

पोलाद तापवल्याने काय होते?

पोलाद म्हणजे मुख्यतः लोह व अल्प प्रमाणात कार्बन. शाफ्टसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सी ४५ या पोलादात कार्बनचे प्रमाण सुमारे ०.४५ टक्के असते. हे पोलाद तापवू लागले की सुमारे ७२७ अंश सेल्सिअसला त्याची अंतर्गत रचना बदलू लागते आणि साडेआठशे अंशांच्या आसपास सर्व कार्बन लोहात विरघळलेला असतो. या स्थितीला ‘ऑस्टेनाइट’ म्हणतात. तेथून ते सावकाश थंड केले तर कार्बनला पुन्हा वेगळे होण्यास अवसर मिळतो आणि पोलाद मऊ राहते. पाणी, तेल किंवा पॉलिमरच्या द्रावणात झपाट्याने थंड केले तर कार्बन आतच अडकतो. त्यातून ‘मार्टेन्साइट’ ही अत्यंत कठीण, पण काचेसारखी ठिसूळ रचना तयार होते. हा ठिसूळपणा कमी करण्यासाठी तो भाग पुन्हा, परंतु कमी तापमानाला, तापवावा लागतो. त्याला ‘टेंपरिंग’ म्हणतात. लोहार धारेवरचा गवती रंग पाहत असे तो याचसाठी. तो रंग सुमारे सव्वादोनशे अंशांची खूण आहे.

सर्वच भागांना आरपार कठीण करणे इष्ट नसते. गिअरच्या दातांचा पृष्ठभाग झिजू नये म्हणून तो कठीण हवा. पण धक्का बसल्यावर दात तुटू नये म्हणून गाभा चिवट हवा. यासाठी दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्यात कमी कार्बनच्या पोलादाचा भाग ९०० ते ९५० अंशांना कार्बनयुक्त वायूत तासन्‌तास ठेवतात. कार्बन पृष्ठभागातून आत झिरपतो आणि नंतर तेवढाच थर कठीण होतो. हे कार्बुरायझिंग. दुसऱ्यात ०.४ टक्के किंवा अधिक कार्बन असलेला भाग तांब्याच्या वेटोळ्यात धरून उच्च वारंवारितेचा विद्युत्प्रवाह सोडतात. पृष्ठभाग काही सेकंदांत लाल होतो व लगेच त्यावर द्रावणाचा फवारा पडतो. हे इंडक्शन हार्डनिंग. वारंवारिता दहा किलोहर्ट्झच्या आसपास असेल तर कठीण थर काही मिलिमीटर खोल जातो; ती शंभर-दोनशे किलोहर्ट्झपर्यंत नेली तर तो मिलिमीटरभर उरतो.

वेळेचे गणित

ओळीत सामावून घेण्याची पहिली अडचण वेळेची आहे. समजा, एका कारखान्यात दोन पाळ्यांतील पंधरा तासांत ६०० शाफ्ट तयार होतात. म्हणजे दर ९० सेकंदांना एक नग पुढे सरकतो. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग अशी सर्व यंत्रे या ठेक्यावर बसवलेली असतात. इंडक्शन हार्डनिंगला एका शाफ्टसाठी मिनिटभराच्या आत-बाहेर वेळ लागत असेल, तर ते यंत्र या ओळीत लेथच्या शेजारी, लेथसारखेच उभे राहू शकते. एक नग आत, एक नग बाहेर.

कार्बुरायझिंगचे तसे नाही. कार्बन किती खोल जाणार हे वेळेच्या वर्गमुळावर अवलंबून असते. ९२५ अंशांना एक मिलिमीटर खोलीसाठी साधारण अडीच तास लागतात. पण दोन मिलिमीटरसाठी पाच तास पुरत नाहीत, सुमारे दहा तास लागतात. खोली दुप्पट, तर वेळ चौपट. त्यात तापण्याचा, थंड होण्याचा, धुण्याचा व टेंपरिंगचा वेळ मिळवला की एका फेरीला सहज सात तास होतात. दर ९० सेकंदांना एक नग हवा असेल तर सात तासांचे, म्हणजे २५,२०० सेकंदांचे, २८० नग कायम या प्रक्रियेत कोठे ना कोठे असावे लागतील. भट्टीचा आकार, टोपल्यांची संख्या आणि भट्टीच्या आधी व नंतर साठवणुकीची जागा या एका आकड्यावरून ठरते. हा आकडा न काढता, केवळ ‘अमुक किलोची भट्टी’ म्हणून कोटेशन आणणारा उद्योजक अंधारात तीर मारत असतो.

मात्र वेळेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बाहेर पाठवलेला भाग सात दिवसांनी परत येतो, तेव्हा तो सात दिवस भट्टीत नसतो. भट्टीत तो सात-आठ तासच असतो. उरलेला काळ तो पूर्ण क्रेट भरण्याची, टेंपोची, समोरच्या कारखान्यात आपल्या पाळीची आणि परतीच्या चलनाची वाट पाहत असतो. ओळीत आणल्याने वाचतो तो मुख्यतः हा प्रतीक्षेचा काळ. पण स्वतःची भट्टी घेऊनही भाग जर मोठ्या ढिगांत जमवून मगच आत घातले, तर ही प्रतीक्षा कारखान्याच्या आवारातच सुरू राहते. टेंपोचे भाडे वाचते, एवढेच.

ओळीत आणण्याचे तीन मार्ग

या अडचणीवर उद्योगजगताने वेगवेगळ्या काळी तीन प्रकारची उत्तरे शोधली आहेत.

पहिले उत्तर प्रक्रियाच बदलण्याचे. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर जेथे बेअरिंग फिरतात तेवढेच भाग कठीण असावे लागतात. बाकीचा क्रँकशाफ्ट चिवट व सरळ राहणे आवश्यक असते. तो सबंध भट्टीत घालून कठीण केला तर वाकतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो क्रँकशाफ्ट कंपनीने या भागांसाठी इंडक्शन हार्डनिंग व्यापारी प्रमाणावर यशस्वी केले. तासांचे काम सेकंदांवर आले, तापवायचा तेवढाच भाग तापू लागला आणि उष्णतोपचाराचे यंत्र मशिनिंगच्या ओळीत येऊन बसू शकले. तथापि कार्बुरायझिंगऐवजी इंडक्शन हा बदल केवळ यंत्राचा नसतो. त्यासाठी पोलादही बदलावे लागते, कारण कमी कार्बनचे पोलाद नुसत्या तापवण्याने पुरेसे कठीण होत नाही. पोलाद बदलले की भागाचे ड्रॉइंग बदलते आणि ड्रॉइंग बदलण्याचा अधिकार बहुधा ग्राहकाचा असतो.

दुसरे उत्तर आहे त्या उष्णतेचा उपयोग करण्याचे. फोर्जिंगसाठी पोलाद सुमारे १२०० अंशांपर्यंत तापवलेले असते. ते थंड होऊ द्यायचे आणि उष्णतोपचारासाठी पुन्हा साडेआठशेपर्यंत तापवायचे, हा इंधनाचा दुहेरी खर्च आहे. १९७० च्या दशकात जर्मनीत व्हॅनेडियमचा अल्पसा अंश असलेली पोलादे क्रँकशाफ्टसाठी वापरात आली. फोर्जिंगनंतर ती वाहत्या पट्ट्यावर नियंत्रित वेगाने हवेत थंड केली की आवश्यक ताकद आपोआप येते. स्वतंत्र हार्डनिंग व टेंपरिंगची गरज उरत नाही. यात उष्णतोपचाराचा टप्पा ओळीत आणलेला नाही, तर ओळीतून गाळलेला आहे. सर्व भागांना हे लागू पडत नाही, पण जेथे लागू पडते तेथे याहून स्वस्त उपाय नाही.

तिसरे उत्तर भट्टीलाच वाहती करण्याचे. बोल्टच्या कारखान्यात जाळीच्या पट्ट्यावरून बोल्ट सतत भट्टीत शिरतात, तेलात पडतात, धुतले जातात, दुसऱ्या भट्टीत टेंपरिंग होऊन बाहेर येतात. एका टोकाला मऊ बोल्ट व दुसऱ्या टोकाला ८.८ किंवा १०.९ वर्गाचा पक्का बोल्ट. गिअरसाठी अलीकडच्या काळात कमी दाबाच्या निर्वात भट्ट्या आल्या आहेत. त्यांत ॲसिटिलिनसारख्या वायूने कार्बन दिला जातो आणि तेलाऐवजी उच्च दाबाच्या नायट्रोजनने भाग थंड केले जातात. तेल नाही, ज्वाला नाही, धुणे नाही. त्यामुळे अशी भट्टी मशीन टूलच्या शेजारी ठेवता येते. तिची किंमत मात्र साध्या भट्टीच्या तुलनेत बरीच अधिक असते.

क्रम बदलला की सर्व बदलते

उष्णतोपचारानंतर भाग पूर्वीचा राहत नाही. मार्टेन्साइट होताना पोलाद किंचित फुगते, आधीच्या मशिनिंगचे अंतर्गत ताण मोकळे होतात, शाफ्ट वाकतो, गिअरचे भोक लंबगोल होते. म्हणून मऊ अवस्थेत करायची कामे कोणती, कठीण झाल्यावर करायची कोणती आणि त्यासाठी ग्राइंडिंगला किती जादा धातू राखायचा, हे आधी ठरवावे लागते. जादा धातू कमी राखला तर वाकलेला भाग मापात येत नाही. अधिक राखला तर ग्राइंडिंगचा वेळ वाढतो, आणि कार्बुरायझिंग केलेला महागडा कठीण थरच घासून निघून जातो.

ओळीत सामावून घेण्याचा सर्वांत मोठा लाभ नेमका येथे आहे. बाहेरून आलेल्या दोन हजार शाफ्टच्या ढिगात वाकण्याचे प्रमाण वाढलेले आढळले, तर त्याचे कारण आठवड्यापूर्वी कोठेतरी घडून गेलेले असते. मशिनिंगमध्ये, भट्टीत, की मुळात पोलादातच, हे शोधणे दुरापास्त होते. इंडक्शन यंत्र ओळीत असेल तर पाचव्या नगाला दोष दिसतो, सहावा नग थांबवता येतो आणि तासाभरापूर्वी कोणती फीड किंवा कोणते टूल बदलले हे लेथवरील कारागिराला आठवत असते.

परंतु यासाठी ओळीच्या प्रारंभी शिस्त असावी लागते. पोलादाच्या प्रत्येक हीटची, म्हणजे पोलादाच्या कारखान्यातील एका वितळणीतून निघालेल्या मालाची, रासायनिक घटना किंचित वेगळी असते आणि त्यानुसार त्याची कठीण होण्याची क्षमताही वेगळी असते. ही क्षमता मोजणारी जॉमिनी चाचणी १९३० च्या दशकापासून रूढ आहे. तापवलेल्या दांड्याच्या एका टोकावर पाण्याची धार सोडायची आणि त्या टोकापासून अंतरा-अंतरावर कठीणपणा मोजायचा, इतकी ती साधी आहे. स्वस्त मिळाले म्हणून मिश्र हीटचे पोलाद घेणाऱ्या कारखान्यात उत्तमोत्तम यंत्रही एकसारखा निकाल देऊ शकत नाही. भट्टीत जाण्यापूर्वी भागावरील कटिंग ऑइल नीट धुतले जाणे, हार्डनिंगनंतर टेंपरिंगला विलंब न होणे, शेवटी चुंबकीय कणांच्या साहाय्याने तडे तपासणे, हे टप्पेही ओळीतच बसवावे लागतात. उष्णतोपचार एकटा येत नाही. तो आपला गोतावळा घेऊन येतो.

जबाबदारी कोणाची?

लेथवर कापलेला व्यास मायक्रोमीटरने मोजता येतो. उष्णतोपचाराचे तसे नाही. कठीण थराची खोली पाहायची तर भाग कापावा लागतो आणि कापलेला भाग विकता येत नाही. म्हणून गुणवत्ता व्यवस्थापनात ही ‘विशेष प्रक्रिया’ मानली जाते. अंतिम तपासणीवर विसंबून न राहता प्रक्रियाच प्रमाणित करावी लागते. भट्टीच्या सर्व कोपऱ्यांत तापमान सारखे आहे का, थर्मोकपल खरे सांगतात का, द्रावणाची तीव्रता व तापमान मर्यादेत आहे का, याच्या लेखी नोंदी ठेवाव्या लागतात. वाहन उद्योगात यासाठी ‘सीक्यूआय-९’ ही मूल्यमापनाची पद्धत २००६ मध्ये आली. तिची चौथी आवृत्ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. वाहन उत्पादकांना माल पुरवणाऱ्यांकडून तिच्यानुसार दरवर्षी स्वयंमूल्यमापनाची अपेक्षा केली जाते.

काम बाहेर दिलेले असते तेव्हा दोष आढळल्यास बोट दाखवायला दुसरे कोणी असते. भट्टी ओळीत आली की ते बोट स्वतःकडे वळते. ही गोष्ट क्षुल्लक नाही. ट्रॅक्टरचा शाफ्ट शेतात तुटला तर नांगरणी अडते. स्टिअरिंगचा भाग रस्त्यावर तुटला तर माणसे दगावतात. म्हणून या कामावर नेमलेला माणूस यंत्र चालू-बंद करणारा असून चालत नाही. कठीणपणा कमी आला तर तापमान पाहायचे, प्रवाहाचा काळ पाहायचा, फवाऱ्याची भोके तुंबली का ते पाहायचे की पोलादाचा दाखला पाहायचा, हे ज्याला कळते असा धातुतज्ज्ञ किंवा मुरलेला तंत्रज्ञ ही या प्रकल्पाची पहिली गुंतवणूक होय.

सुरक्षेची जबाबदारीही आलीच. कार्बुरायझिंगच्या भट्टीतील वायूत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मोठ्या प्रमाणात असतात. भट्टी पुरेशी तापलेली नसताना हे वायू हवेत मिसळले तर स्फोट होतो. तप्त तेलाच्या टाकीत पाणी शिरले तर तेल उसळून आग लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमनाची व्यवस्था आणि विमा कंपनीला प्रक्रियेतील बदलाची लेखी कल्पना देणे, ही कामे भट्टी पेटवण्यापूर्वीची आहेत.

हिशेब कागदावर

पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्यक्ष दर कारखान्यागणिक बदलतील. पण हिशेबाची रीत हीच राहील.

कारखाना दररोज ६०० शाफ्टप्रमाणे वर्षातील ३०० दिवसांत १,८०,००० शाफ्ट काढतो. बाहेरच्या इंडक्शन हार्डनिंगचा वाहतुकीसह खर्च नगामागे २० रुपये, म्हणजे वर्षाला ३६ लाख रुपये. स्वतःचे यंत्र घेतल्यास वीज, द्रावण, वेटोळ्यांची झीज व तपासणी यांचा खर्च नगामागे ७ रुपये, म्हणजे १२ लाख ६० हजार. तंत्रज्ञांचे पगार, देखभाल, वाढीव वीजभाराचा स्थिर आकार यांचा वार्षिक खर्च ९ लाख. एकूण २१ लाख ६० हजार. बचत १४ लाख ४० हजार रुपये.

त्यात अडकलेल्या मालाची सुटका मिळवावी. बाहेर सात दिवसांचा माल, म्हणजे ४,२०० नग असतात. या टप्प्यावर एका नगाची किंमत ४०० रुपये धरली तर १६ लाख ८० हजार रुपये अडकलेले असतात. ओळीत काम आल्यावर एक दिवसाचा माल, म्हणजे २ लाख ४० हजार रुपये पुरतात. मोकळ्या झालेल्या १४ लाख ४० हजारांवर दहा टक्क्यांनी वर्षाला १ लाख ४४ हजार रुपये व्याज वाचते. एकूण वार्षिक लाभ १५ लाख ८४ हजार. यंत्र, शीतकरण, टेंपरिंगची लहान भट्टी, वीजजोडणी व तपासणीची साधने मिळून गुंतवणूक ६० लाख असेल, तर ती पावणेचार वर्षांहून थोड्या अधिक काळात भरून निघते.

आता मागणी निम्म्यावर आली, रोज ३०० नगच निघू लागले, असे समजू. नगामागे वाचणारे १३ रुपये तसेच राहतात, पण स्थिर खर्चाचे ९ लाख कमी होत नाहीत. बचत २ लाख ७० हजार व व्याजाची ७२ हजार, मिळून ३ लाख ४२ हजार. उत्पादन निम्मे झाले आणि लाभ मात्र जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर आला. गुंतवणूक भरून निघण्यास सतरा वर्षांहून अधिक काळ लागेल. रोजचे उत्पादन सुमारे २३० नगांच्या खाली गेले, तर वाचलेल्या व्याजाचा अल्पसा आधार सोडता बाहेर काम देणेच स्वस्त पडेल.

आणखी एक आकडा याहून बोलका आहे. एक टक्का नाकारलेला माल म्हणजे वर्षाला १,८०० नग, ७ लाख २० हजार रुपये. ओळीत आणल्याने नाकाराचे प्रमाण एका टक्क्याने घटले, तर लाभ जवळपास निम्म्याने वाढतो. अननुभवामुळे ते दोन टक्क्यांनी वाढले, तर १४ लाख ४० हजार जातात, म्हणजे बाहेरच्या दरात वाचवलेली संपूर्ण रक्कम. तात्पर्य, या प्रकल्पाचे यशापयश यंत्राच्या किमतीपेक्षा त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या जाणतेपणावर अधिक अवलंबून आहे.

बँकेच्या टेबलावर

वरील गुंतवणुकीपैकी ४५ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले, तर पहिल्या वर्षी मुद्दल ९ लाख व व्याज चार-साडेचार लाख, मिळून साडेतेरा लाखांपर्यंत परतफेड येते. पूर्ण उत्पादनातील लाभ १५ लाख ८४ हजार आहे. उरणारे अंतर फारच थोडे आहे. शिवाय यंत्र बसल्या दिवसापासून बचत सुरू होत नाही. वेटोळी जुळवणे, नमुने कापून पाहणे आणि प्रक्रियेतील बदलाला ग्राहकाची मान्यता मिळवणे, यांत महिने जातात. या काळात बाहेरचे जॉबवर्कही चालू ठेवावे लागते. म्हणून मुद्दलाची फेड सुरू होण्यापूर्वीची सवलतीची मुदत यंत्र पोहोचण्याच्या तारखेवरून न ठरवता ग्राहकाच्या मान्यतेच्या अपेक्षित तारखेवरून ठरवणे दोघांच्याही हिताचे ठरते.

खेळत्या भांडवलाबाबतही एक गैरसमज संभवतो. अडकलेला १४ लाख ४० हजारांचा माल मोकळा झाला म्हणजे तेवढी रक्कम हाती येईल, असे उद्योजकाला वाटते. पण कॅश क्रेडिटची आहरण क्षमता मालाच्या किमतीतून मार्जिन वजा करूनच ठरते. मार्जिन २५ टक्के असेल आणि हा सर्व माल स्टॉक स्टेटमेंटमध्ये धरला जात असेल, तर माल कमी होताच आहरण क्षमताही १० लाख ८० हजारांनी घटेल. उद्योजकाची स्वतःची मोकळी होणारी रक्कम ३ लाख ६० हजारच असेल. जॉबवर्करकडे पडलेला माल अनेक ठिकाणी आहरण क्षमतेत धरलाच जात नाही. तसे असेल तर चित्र उलट आणि उद्योजकाला अधिक अनुकूल होते. आपले खाते यांपैकी कोणत्या रीतीने चालते, हे शाखेत आधीच विचारून घेतलेले बरे.

शाखेतील अधिकाऱ्यानेही यंत्राच्या कोटेशनबरोबर आणखी चार कागद पाहावेत : ग्राहकाचे किमान दोन-तीन वर्षांच्या मागणीचे पत्र व प्रक्रिया बदलण्यास त्याची तत्त्वतः संमती, मंजूर वीजभार, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, आणि काम सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाची नेमणूक. पुरेसे तारण नसलेल्या पात्र सूक्ष्म व लघुउद्योगाला २००० साली स्थापन झालेल्या सीजीटीएमएसई या पतहमी न्यासाच्या योजनेचा विचार करता येतो. त्यातील प्रचलित मर्यादा व शुल्क शाखेत समजू शकतात.

भट्टी न घेण्याचा शहाणपणा

हिशेब प्रतिकूल निघाला तर निराश होण्याचे कारण नाही. भट्टी आवाराबाहेर असूनही उष्णतोपचार ओळीच्या ठेक्यात बसवता येतो. आठवड्यातून एकदा दोन हजार नग पाठवण्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी तीनशे नग पाठवायचे, समोरच्या कारखान्यात आपली वेळ राखून घ्यायची, प्रत्येक क्रेटसोबत पोलादाच्या हीटचा क्रमांक द्यायचा आणि परतीच्या क्रेटसोबत भट्टीच्या तापमानाची नोंद मागायची. एवढ्याने सात दिवसांचे दोन दिवस होऊ शकतात आणि त्यासाठी कर्ज लागत नाही. एकाच वसाहतीतील अनेक लघुउद्योगांची गरज सारखी असेल, तर केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास कार्यक्रमात सामाईक सुविधा केंद्राची तरतूद आहे. एकट्याला न परवडणारी भट्टी दहा जणांना परवडू शकते.

किंबहुना भट्टी घेण्याचा विचार पक्का असलेल्यानेही सहा महिने हा प्रयोग करून पाहावा. रोजच्या लहान खेपा, लेखी नोंदी व ठरलेला क्रम ज्या कारखान्याला बाहेरच्या भट्टीबरोबर सांभाळता आला, त्याला घरची भट्टी जड जात नाही. ज्याला तो सांभाळता आला नाही, त्याची अडचण भट्टीच्या अंतराची नव्हती, हे उघड होते. आणि ते साठ लाख रुपये खर्च होण्यापूर्वी उघड झालेले असते.

लोहारशाळेत भाता, ऐरण व कुंडी जवळजवळ होती, हे खरे. पण धारेला पाणी चढे ते कुंडी जवळ होती म्हणून नव्हे. लोखंड कोठले आहे, ते किती तापले आहे आणि ते नेमके कधी बुडवायचे, हे एकाच माणसाला ठाऊक असे आणि त्या विळ्याचा जाब त्यालाच द्यावा लागे. कारखान्याच्या ओळीत भट्टीबरोबर ही जाणही येणार असेल, तर तिच्यासाठी घेतलेले कर्ज सत्कारणी लागेल.